नाताळच्या आदल्या रात्रीचा भोपळा



थंडी पडली की आपल्याकडे तांबड्या भोपळ्याच्या घाऱ्या होतात. आज लिहायचं आहे ते मात्र भोपळ्याच्या दुसऱ्याच एका गोडाबद्दल. भोपळ्याचा कीस, अक्रोडाची भरड, साखर आणि दालचिनी असं सारण कागदासारख्या पातळ पोळीत गुंडाळायचं, त्या गुंडाळ्या ताटात ओळीने लावायच्या आणि भट्टीत भाजायच्या. बल्गेरियात याला तिक्वेनिक म्हणतात. तिकडे तो हिवाळाभर होतो, पण त्याचा मानाचा दिवस २४ डिसेंबर, म्हणजे नाताळची आदली रात्र.

माझं लक्ष त्याच्याकडे गेलं ते एका गोष्टीमुळे. त्यात अंडं नाही. दूध नाही, लोणी नाही, तूपही नाही. युरोपातलं सणाचं भाजलेलं गोड आणि त्यात अंडं नाही, असं सहसा होत नाही. आपल्यातल्या ज्यांच्या मुली-सुना परदेशी आहेत त्यांना हे सांगायला नको. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचण्यात त्यांचा निम्मा बाजार होतो.

माझी भाची प्लोव्हदिवला डॉक्टरकी शिकते. डिसेंबरात तिचा फोन आला. "मावशी, घरमालकीणबाईंनी चोवीस तारखेला जेवायला बोलावलंय. म्हणतात, त्या दिवशी आमचं सगळं जेवण तुझ्यासारखंच असतं. खरंच असेल का गं?"

"तुझ्यासारखंच" या शब्दाने मला कामाला लावलं. ख्रिस्ती घरात, तेही नाताळच्या तोंडावर, आपल्यासारखं जेवण कसं असेल? जे हाती लागलं ते वाचत गेले आणि मागे मागे जात थेट नवव्या शतकात पोचले.

बल्गेरियाचा राजा बोरिस याने ८६४-६५ च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तो काळ रोम आणि कॉन्स्टँटिनोपल या दोन धर्मपीठांच्या ओढाताणीचा होता, आणि बल्गेरिया दोघांनाही आपल्याकडे हवा होता. बोरिसने रोमला पोप पहिल्या निकोलसकडे प्रश्नांची लांबलचक यादी पाठवली. ती यादी आज उरलेली नाही. पण पोपने ८६६ साली पाठवलेली १०६ उत्तरं शिल्लक आहेत आणि त्यांवरून प्रश्न कळतात. कोणत्या दिवशी मांस खायचं नाही? कोणते पशुपक्षी खाल्लेले चालतात? बुधवारी आणि शुक्रवारी अंघोळ केलेली चालते का? विजार घातलेली चालते का?

वाचताना मला हसू आलं, आणि लगेच प्रवचनानंतरची आपली गर्दी आठवली. माताजींच्या भोवती बसून आपण दुसरं काय विचारतो? अष्टमीला वाळवलेली मेथी चालते का? काल भरडलेला रवा आज चालतो का? धर्म नवीन असो की हजारो वर्षांचा, तो स्वयंपाकघरात शिरला की प्रश्न असेच होतात, "चालतं का?" राजालाही त्यातून सुटका नव्हती. पोपने विजारीला हरकत घेतली नाही, अंघोळीलाही घेतली नाही. बोरिस मात्र शेवटी रोमकडे गेला नाही. ८७० साली बल्गेरिया कॉन्स्टँटिनोपलच्या बाजूला गेला आणि पूर्वेकडच्या चर्चचे नियम त्या देशाला लागू झाले.

पूर्वेकडचे नियम जास्त कडक. पोपची मंडळी पुढच्या शतकांत उपवासाच्या दिवशी दूध, लोणी, अंडी यांची सवलत देत गेली. पूर्वेकडे ती सवलत आली नाही. तिथे उपवास म्हणजे मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, लोणी-चीज काही नाही. असे दिवस धरले तर वर्षाचा जवळजवळ अर्धा भाग त्यात जातो. त्यातला नाताळापूर्वीचा उपवास १५ नोव्हेंबरला सुरू होतो आणि २४ डिसेंबरला संपतो, म्हणजे चाळीस दिवस. मधल्या काही दिवशी मासे चालतात, पण चोवीस तारखेला तेही नाहीत. आपल्या अर्थाने हा उपवास नाही, कारण अन्न सोडलेलं नसतं. रसत्याग म्हटलं तर आपल्याला पटकन समजेल.

आता त्या बाईची अडचण बघा. सणाची रात्र आहे, घरात लेकरं आहेत, गोड काहीतरी हवं. लोणी नाही, दूध नाही, अंडी नाहीत. बाहेर बर्फ, शेतात काही नाही. घरात आहे ते गहू, घेवडा, पिंपातली आंबवलेली कोबी, वाळवलेली सफरचंदं आणि आलुबुखार, अक्रोड. आणि कोपऱ्यात रचून ठेवलेले भोपळे. देठासकट काढलेला पक्का भोपळा न चिरता महिनोन् महिने टिकतो, हे आपल्याही आज्यांना ठाऊक होतं. त्यांचे भोपळे माळ्यावर असायचे. तिक्वेनिक जन्मला तो या यादीतून. जे नको ते काढून उरलेल्यातून तो उभा राहिला आहे. त्यात लोणी घालायचं राहून गेलं असं त्याची चव घेताना वाटत नाही, कारण तो पदार्थ पहिल्यापासून लोण्याशिवायच बेतलेला आहे.

इथे एक मेख आहे. बोरिसच्या काळात बल्गेरियात हा भोपळा नव्हताच.

आपण ज्याला तांबडा भोपळा, डांगर किंवा काशीफळ म्हणतो त्याचं सगळं कूळ अमेरिका खंडातलं. मेक्सिकोतल्या वाहाका भागातल्या एका गुहेत माणसाने लावलेल्या भोपळ्याच्या बिया सापडल्या, त्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला, त्यानंतर हे फळ समुद्र ओलांडून आलं. रोमच्या व्हिला फार्नेसिनाच्या छतावर जोव्हान्नी दा उदिने या चित्रकाराने १५१८ पर्यंत फळाफुलांच्या माळा रंगवल्या. त्यांत मक्याच्या कणसांबरोबर हे अमेरिकेचे भोपळेही लोंबताना दिसतात. अवघ्या पंचवीस वर्षांत ते रोमच्या छतावर चढले होते! बल्गेरिया तेव्हा तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यात होता, १८७८ पर्यंत राहिला, आणि त्याच काळात भोपळा तिथल्या शेतांत रुजला.

मग तिक्वेनिकमधला "तिक्वा" हा शब्द कुठून आला? तो जुनाच आहे, भोपळ्याच्या कितीतरी आधीचा. जुन्या स्लाव भाषेत या शब्दाचा अर्थ तुंबा, म्हणजे वाळवून भांडं करतात तो दुध्याच्या जातीचा भोपळा. स्लाव बायबलमध्ये योना नावाच्या प्रेषिताच्या डोक्यावर सावली धरणारा वेल आहे, त्याला हाच शब्द आहे, आणि ते भाषांतर कोलंबसाच्या कितीतरी शतकं आधीचं. पुढे अमेरिकेतून गोल, तांबड्या गराचा पाहुणा आला तेव्हा लोकांनी त्याला नवं नाव न शोधता घरातल्याच नातेवाइकाचं नाव देऊन टाकलं.

आपणही तेच केलं. भोपळा म्हणजे मुळात तुंबा. त्याच्यापासून तंबोरा-वीणा करायच्या, पाण्यात पोहायला शिकताना तो कमरेला बांधायचा. तांबडा आला आणि त्यानेही तेच नाव घेतलं. तेव्हापासून आपल्याला दुध्या भोपळा आणि तांबडा भोपळा असा खुलासा करावा लागतो.

दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतो. अनंत चतुर्दशीला दहावा येतो, मोक्षाचा. मुक्त जीव वर का जातो हे सांगताना आचार्य उमास्वामींनी जे दृष्टांत दिले त्यात अलाबू आहे, लेप निघून गेलेला. मातीचे थर दिलेला तुंबा पाण्यात बुडतो, माती विरघळली की आपोआप वर येतो. लहानपणी मी हे ऐकताना डोळ्यांसमोर घाऱ्यांचा तांबडा भोपळाच आणायची. सूत्रातला अलाबू तो नव्हे. सूत्र रचलं तेव्हा तांबडा भोपळा सात समुद्रांपलीकडे होता आणि त्याचं नावही इथे कुणी ऐकलेलं नव्हतं.

म्हणजे घाऱ्याही काही अनादिकाळापासूनच्या नाहीत. भोपळा, मिरची, टोमॅटो, पेरू, सीताफळ, शेंगदाणे, बटाटा हे सगळे पोर्तुगिजांच्या काळापासून आपल्याकडे उतरलेले पाहुणे. आपल्या जुन्या श्रावकाचारांत यांतल्या कशाचीच नावं नाहीत. तरी बटाटा आपल्या घराच्या उंबऱ्याबाहेर राहिला आणि भोपळा आत आला. जहाजाची वाट दोघांची एकच. तपासलं गेलं ते एवढंच की हे जमिनीखालचं कंद आहे की वेलीवरचं फळ आहे. एका कंदात अनंत जीव, हा हिशेब आपल्या आज्यांना पाठ होता. त्या हिशेबात नवीन भाजी घालून त्यांनी उत्तर काढलं. हे उत्तर काढताना त्यांनी कुणाला विचारलं, की विळीवर बसल्या बसल्या आपणच ठरवलं, याची नोंद कुठेच नाही. बायकांच्या निर्णयांची नोंद होत नाही, ते नुसते ताटात येतात.

बल्गेरियन बाईनेही तेच केलं असणार. तिच्या नियमात भोपळ्याचं नाव नव्हतं. तिने बघितलं, हा पशूपासून आलेला नाही, म्हणजे चालतो. आणि चारशे-पाचशे वर्षांत तो इतका मुरला की आज भोपळ्याशिवाय चोवीस डिसेंबर ही कल्पनाच तिकडे कुणाला करवत नाही. "आपल्यात असं करत नाहीत" हे वाक्य नवीन सुनेला ऐकवताना मी हल्ली जरा थांबते. नियमाने नको आहे, की आपल्याला सवय नाही म्हणून नको आहे? पहिलं असेल तर ठाम राहावं. दुसरं असेल तर सुनेला करू द्यावं.

पापुद्र्याची गोष्ट वेगळी. भोपळा पश्चिमेकडून आला, पातळ पोळी तुर्कांच्या स्वयंपाकातली. बाकलावा, बोरेक हे ज्या पोळ्यांचे होतात तीच ही पोळी. बल्गेरियन भाषेत तिला कोरी म्हणतात आणि तिच्यापासून होणाऱ्या पदार्थांना बानित्सा. एरवीची बानित्सा अंडी आणि चीज भरून होते, त्यामुळे ती आपल्या कामाची नाही. तिक्वेनिक ही त्या बानित्साची उपवासाची बहीण. कोरी लाटायला हातभर लांब, बोटाएवढं बारीक लाटणं लागतं. पोळी लाटण्याभोवती गुंडाळत, उलगडत, पुन्हा गुंडाळत इतकी पातळ करायची की तिच्यातून खालच्या कापडाची नक्षी दिसावी. मांडे करणाऱ्या बायकांना यात नवल वाटणार नाही. आपले मांडे हातावर वाढतात, त्यांची कोरी लाटण्यावर वाढते.

गोडीची गोष्टही बघण्यासारखी आहे, कारण आपलं तिथेच अडतं. पूर्वी खेड्यापाड्यांत साखर महाग. गोडी यायची ती मधाची, नाहीतर द्राक्षाचा रस आटवून केलेल्या काकवीसारख्या पाकाची. या पाकात भोपळ्याच्या फोडी शिजवून हिवाळ्यासाठी मुरंबाही करत. त्या फोडी आधी चुन्याच्या निवळीत ठेवतात, म्हणजे शिजल्या तरी मोडत नाहीत. आग्र्याचा पेठा करणारे कोहळ्याच्या फोडींचं हेच करतात! एवढ्या लांबच्या दोन गावांना एकच युक्ती कशी सुचली असेल, याचं मला फार कौतुक वाटलं. बीटापासून साखर करणारा पहिला कारखाना सोफियाजवळ १८९८ मध्ये निघाला आणि हळूहळू साखर घरोघरी पोचली. मधात केलेला तिक्वेनिक आपल्याला चालला नसता. मद्य, मांस, मधू यांच्या त्यागापासून तर आपले मूलगुण सुरू होतात. साखरेने तो आपल्या ताटाजोगा केला.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येते. त्या रात्रीला तिकडे बुदनी वेचेर म्हणतात. ताटांची संख्या विषम हवी, सात, नऊ किंवा अकरा. घेवड्याने भरलेल्या सुक्या मिरच्या, कोबीच्या पानांत बांधलेला भात, ओशाव म्हणजे सुक्या फळांचं पाणीदार गोड, अक्रोड, लसूण, मध, भाजलेला भोपळा, तिक्वेनिक, आणि मधोमध एक गोल पाव, ज्यात नाणं लपवलेलं असतं. घरातलं वडील माणूस आधी धुपाने सगळं ओवाळतं. मग पाव मोडायचा. पहिला तुकडा देवाचा, नंतर एक घराचा, मग मोठ्यापासून लहानापर्यंत प्रत्येकाचा. ज्याच्या तुकड्यात नाणं त्याचं वर्ष चांगलं. प्रत्येकाने एक अक्रोड फोडायचा, गर भरलेला निघाला तर वर्ष भरलेलं. रात्री ताटं उचलत नाहीत, कारण घरातले गेलेले लोक येऊन जेवतात अशी समजूत आहे.

मी भाचीला एकेक मोजून दाखवलं. लसूण नाही, आणि भरलेल्या मिरचीत कांदा असणार, तेव्हा तीही नाही. मध नाही. पाव यीस्टचा, तो तुझ्या घरच्या नियमाने नाही. वाइन ठेवलेली असेल, ती बाजूला. मद्य-मांस-मधू या तिन्हींतलं त्यांनी फक्त मांस सोडलेलं आहे, तेही आजच्यापुरतं. राहिलं काय, तर ओशाव, अक्रोड, भाजलेला भोपळा मधाशिवाय असेल तर, आणि तिक्वेनिक. त्याचंही विचारून घे, कोरी बाजारची असेल तर त्यात काय काय आहे ते वाच.

एवढं मोजून झालं आणि खरी अडचण पुढेच होती. पंगत बसते ती आभाळात पहिली चांदणी दिसल्यावर. डिसेंबरात प्लोव्हदिवला सूर्य पाचच्या आधीच मावळतो. भाचीचा रात्रिभोजनत्याग आहे. शिकायला गेली तेव्हा मी म्हटलं होतं, जमेल तेवढंच कर. ती म्हणाली होती, जमतं तेवढं सगळेच करतात. त्या मुलीला मी चांदणी उगवल्यावर जेव म्हणणार नव्हते, आणि म्हातारीच्या सणाला पाठ फिरव असंही म्हणणार नव्हते.

तिने स्वतःच मार्ग काढला. घरमालकीणबाईंना सरळ सांगितलं की तुमची चांदणी निघते तेव्हा माझं ताट मिटतं. बाई जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, मग तू दुपारी ये, तिक्वेनिक मला तेव्हाच करायचा असतो. तिकडे आजीला "बाबा" म्हणतात, हे ऐकून आमच्या घरात आठवडाभर हसणं चाललं होतं. तर या बाबांबरोबर भाचीने दुपारी भोपळा किसला, अक्रोड फोडून निवडले, कोरी पसरल्या. पहिला घाणा चार वाजता निघाला आणि तिने खिडकीशी बसून उजेडात खाल्ला. रात्री पंगतीतही बसली, नुसती. ताट न घेता पंगतीत कुणी बसलेलं त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं, पण तिच्या वाटणीचा पाव मोडला गेला आणि ठेवून दिला गेला.

एक गोष्ट झाकून ठेवणं बरं नाही. त्या घरांत दुसऱ्या दिवशी, म्हणजे नाताळला, डुकराचं मांस शिजतं. गावाकडे त्याच आठवड्यात घरचं डुक्कर मारायची रीत आहे. चाळीस दिवसांच्या त्यागाचा शेवट तिथे होतो. त्यांचा उपवास प्रायश्चित्ताचा आणि स्वतःवर ताबा मिळवण्याचा. त्यात जीवदयेचा विचार आपल्यासारखा मुळात नाही. काही चॅनेलांवर "तेही शाकाहारीच आहेत" असं कौतुकाने सांगतात, ते खरं नाही. भाचीला मी म्हटलं, पंचवीस तारखेचं आमंत्रण हसून टाळ. तरी चोवीस तारखेच्या ताटाचा मान कमी होत नाही. मनात इच्छा असताना, बाहेर बर्फ असताना, चाळीस दिवस लोणी बाजूला ठेवणं ही साधी गोष्ट नाही. पर्वातले दहा दिवस एकाशन करताना आपली काय अवस्था होते ते आपणच जाणतो.

या बाबांनी भाचीला सांगितलेला एक भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. १९४४ मध्ये बल्गेरियात साम्यवादी राजवट आली. नाताळ सरकारी सणांतून गेला. त्याच्या जागी नवीन वर्षाचा सण पुढे आणला गेला, झाड सजवायचं ते नव्या वर्षाचं, आणि मुलांना खाऊ आणायला नाताळबाबाऐवजी दादो म्राझ, म्हणजे थंडीचे आजोबा. चर्चमध्ये जाणाऱ्याकडे लोक वळून बघत. नोकरीत, शाळेत त्याचा त्रास होऊ शके. बाबा तेव्हा शाळेत जायच्या. त्यांची आई चोवीस तारखेला काही बोलायची नाही. सण आहे असं मुलांना सांगायची नाही, कारण मुलं शाळेत बोलून जातात. फक्त त्या रात्री ताटात दूध-चीज नसायचं, भांडी मोजली तर विषम असायची, आणि शेवटी तिक्वेनिक असायचा. उकडलेला घेवडा आणि भोपळ्याची गुंडाळी यांत बाहेरच्या माणसाला सण दिसतच नाही. कितीतरी घरांनी तिक्वेनिक एकतीस डिसेंबरला सरकवला, तोही विनाहरकत झाला. १९८९ मध्ये राजवट कोसळली, नाताळ पुन्हा सणांच्या यादीत आला, आणि बाबांना वयाच्या चाळिशीत कळलं की आईचं ते ताट म्हणजे काय होतं. धूप कसा ओवाळायचा, आधी काय म्हणायचं, हे त्यांना शेजारच्या म्हातारीकडून शिकावं लागलं. पदार्थ मात्र सगळे येत होते.

आपल्यावर असा प्रसंग आलेला नाही. पण आपल्यातही किती घरं अशी आहेत जिथे पाठ कुणाला येत नाहीत, मंदिर पर्वापुरतं उरलं आहे, आणि तरी पाणी गाळून भरलं जातं आणि सूर्यास्ताला स्वयंपाकघर बंद होतं. सुनेने "हे का?" असं विचारलं तर सासूला सांगता येत नाही, पण ती ते सोडतही नाही. बाबांच्या आईने मुलीला कारण सांगितलं नाही ते भीतीने. आपल्याला भीती कसलीच नाही, तेव्हा ताटाबरोबर कारणही सांगायला काय हरकत आहे?

तर करायचा असेल त्यांच्यासाठी. मी तो आपल्या मर्यादेत कसा करते ते सांगते. कोरीची तयार पाकिटं काही मोठ्या दुकानांत मिळतात, पण ती महिनोन् महिने गोठवलेली असतात आणि पिठाची आपली मर्यादा हिवाळ्यात सात दिवसांची. म्हणून घरचं ताजं दळलेलं गव्हाचं पीठ वस्त्रगाळ करून घेते. अर्धा किलो पिठाला चिमूट मीठ, दोन चमचे तेल, एक चमचा लिंबाचा रस. तिकडे व्हिनेगर घालतात, आपल्याला नको. कोमट गाळलेल्या पाण्यात मऊ मळायचं आणि ओल्या फडक्याखाली पाऊण तास ठेवायचं. आठ गोळे करायचे.

भोपळा किलोभर, पक्क्या गराचा. तिकडे सारंगीच्या आकाराचा लांबट भोपळा घेतात, त्याला नावही सारंगीचंच आहे. आपल्याला घाऱ्यांचा गोल चालतो, फक्त फार पाणचट नको. उजेडात चिरून, आतून नीट बघून किसायचा. दीडशे ग्रॅम साखर, दोनशे ग्रॅम अक्रोड त्याच दिवशी फोडून, निवडून, जाडसर कुटलेले, दोन चमचे दालचिनीची पूड. साखर आधी मिसळून ठेवली की कीस पाणी सोडतो आणि पोळी फाटते, म्हणून साखर किसात घालायची नाही, पोळीवर कीस पसरल्यावर वरून भुरभुरायची.

एकेक गोळा शक्य तितका पातळ लाटायचा. पिठी कमी वाटली तर घ्या, पण नंतर झटकून टाका. पोळीवर हाताने तेल शिंपडायचं, कीस पसरायचा, साखर, अक्रोड, दालचिनी, आणि सैलसर गुंडाळी करायची. घट्ट केली तर आतली पोळी कच्ची राहते. तेल लावलेल्या ताटात गुंडाळ्या शेजारी शेजारी लावायच्या, वरून पुन्हा तेलाचा हात. ओव्हन १८० अंशांवर आधी तापवून पस्तीस ते चाळीस मिनिटं, वरून बदामी होईपर्यंत. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजला तरी होतो, फक्त पापुद्रे कमी सुटतात. गरम असताना पिठीसाखर भुरभुरायची आणि झाकायचं नाही, नाहीतर वाफेने मऊ पडतो.

सगळं मिळून अडीच तास लागतात. मी एकच्या आत पीठ मळून ठेवते, म्हणजे हिवाळ्यात सहाच्या आत सगळ्यांचं खाऊन, ताटं घासून होतं.